कलदार ते युरोडॉलर: परक्या पैशाला नाव कोण ठेवतं?

इयरफोन लावलेत ना? आजचा भाग एका शब्दाबद्दल आहे. लातूरच्या एका श्रोत्याने व्हॉइस नोट पाठवून विचारलं होतं, "युरोडॉलर म्हणजे नक्की काय? युरो की डॉलर? की दोन्हींची खिचडी?"

प्रश्न भारी आहे. उत्तर एका ओळीत देतो आणि मग खरी गोष्ट सुरू करतो. युरोडॉलरमध्ये युरोचा एक पैसाही नाही. अमेरिकेच्या बाहेरच्या बँकेत ठेवलेला अमेरिकन डॉलर, म्हणजे युरोडॉलर. ठेव डॉलरमध्ये, पण बँक परदेशात. बस्स. आणि गंमत म्हणजे हा शब्द रूढ झाला तेव्हा युरो नावाचं चलन अस्तित्वातच नव्हतं. युरो आला १९९९ साली, आणि त्याच्या नोटा-नाणी लोकांच्या हातात पडली २००२ मध्ये. युरोडॉलर हा शब्द त्याच्या जवळजवळ चाळीस वर्षं आधीचा.

पण "एका देशाचा पैसा दुसऱ्याच्या हद्दीत" ही भानगड समजून घ्यायला पॅरिस-लंडनला जायची गरज नाही. ती आपल्या नांदेड-लातूरच्या बाजारात रोज चालायची, आणि तिला आपला स्वतःचा शब्द होता. कलदार.

हाली आणि कलदार

आजोबा-पणजोबांच्या तोंडी तुम्ही हा शब्द ऐकला असेल. "खणखणीत कलदार मोजून घेतले," असं म्हणायचे. आपल्याला वाटतं, कलदार म्हणजे रुपया. बरोबर आहे, पण कुठला रुपया?

१९४८ पर्यंत आपला मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. नांदेड हा जिल्हा होता. लातूर उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका होता, त्याचा वेगळा जिल्हा झाला १९८२ मध्ये. आणि हैदराबाद संस्थानाचं स्वतःचं चलन होतं. स्वतःची नाणी, आणि १९१८ पासून स्वतःच्या नोटासुद्धा. नोटेवर मुख्य मजकूर उर्दूत, पण किंमत मराठी, तेलुगू आणि कन्नडमध्येही छापलेली. या चलनाचं नाव होतं उस्मानिया सिक्का, आणि बोलीत 'हाली सिक्का'.

आता शब्दाकडे बघा. 'हाली' आला अरबीतल्या 'हाल' वरून. हाल म्हणजे सध्याची वेळ, वर्तमान. त्याच शब्दावरून मराठीत आलं 'हल्ली'. "हल्ली दिसत नाहीस" म्हणतो ना आपण, तेच हल्ली! आणि 'सिक्का' म्हणजे नाण्यावर उठवायचा ठसा. मराठीत तोच झाला 'शिक्का'. म्हणजे हाली सिक्का याचा साधा अर्थ 'हल्लीचा शिक्का'. आत्ता चालणारं नाणं.

असं नाव का? कारण जुन्या काळी प्रत्येक नाणं पूर्ण किमतीला चालायचं नाही. नवा शिक्का उठवलेलं नाणं पूर्ण भावाने, आणि जुनं, झिजलेलं किंवा दुसऱ्या टांकसाळीचं नाणं थोडं कापून. ही जी काटछाट सराफ करायचा, तिला म्हणायचे बट्टा. "घराण्याच्या नावाला बट्टा लावला" हे वाक्य टीव्ही मालिकेत ऐकता ना? ते सराफाच्या दुकानातून आलंय. नाव म्हणजे नाणं, आणि त्याची किंमत कमी झाली म्हणजे बट्टा लागला.

आणि कलदार? 'कल' म्हणजे यंत्र. हिंदीत 'कल-कारखाना' म्हणतात, मराठीत तीच 'कळ': कळ दाबली, कळसूत्री बाहुली. कलदार म्हणजे यंत्रावर पाडलेला रुपया. इंग्रज सरकारच्या टांकसाळीतून निघणारा, गोल गरगरीत, एकसारखा, कडेला बारीक खाचा असलेला. हातोड्याने ठोकून पाडलेल्या नाण्यांच्या जगात हा रुपया वेगळा दिसायचा, म्हणून लोकांनी त्याला दिसण्यावरून नाव दिलं. पुढे निजामाची नाणीसुद्धा यंत्रावर, चारमिनारच्या चित्रासह निघू लागली. म्हणजे शब्दशः तीही कलदारच! पण तोवर 'कलदार'चा अर्थ बदलून गेला होता. आता कलदार म्हणजे 'पलीकडचा', इंग्रजी मुलखातला रुपया.

हे लक्षात ठेवा. शब्द बनला एका कारणाने आणि चालला भलत्याच अर्थाने. युरोडॉलरचंही तेच होणार आहे.

सात हाली, सहा कलदार

दोन रुपये म्हटल्यावर भाव आलाच. सरकारी दर होता: सहा कलदार बरोबर सात हाली. म्हणजे शंभर कलदारचे एकशे सोळा हाली रुपये, दहा आणे, आठ पै. तेव्हा सोळा आण्यांचा रुपया आणि बारा पैचा आणा. कॅल्क्युलेटर नव्हता, तरी बाजारातला मुनीम हे तोंडी करायचा. तेलुगू घरांमध्ये आहेर ११६ रुपयांचा देतात, तो आकडा याच हिशेबातून आला असं सांगितलं जातं. नांदेडच्या सीमेवरच्या गावांत तुम्ही तो आहेर पाहिलाही असेल.

आता लातूरचा बाजार डोळ्यांपुढे आणा. १९११ मध्ये लातूरला रेल्वे आली. बार्शी लाईट. अडीच फुटी रुळांची, लहानशी गाडी. ती लातूरला जोडत होती बार्शी आणि कुर्डुवाडीशी. लातूर निजामाच्या हद्दीत, बार्शी सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजांच्या हद्दीत. मधे येडशी सोडलं की काही वेळात राज्य बदलायचं, आणि राज्याबरोबर रुपया. शिवाय मालावर निजामाची जकात. तिचं नाव करोडगिरी.

समजा लातूरच्या व्यापाऱ्याचा माल बार्शीत ६०० कलदारला विकला गेला. दरानुसार त्याचे ७०० हाली. पण मग त्याने करायचं काय? सगळे हालीत बदलून आणायचे? की थोडे कलदार तसेच ठेवायचे, कारण पुढच्या खेपेला बार्शीहून माल आणायचाच आहे? बदलले तर जाताना बट्टा, येताना बट्टा. न बदलता ठेवले तर ते लातूरच्या रोजच्या बाजारात परके.

परक्या चलनातली ठेव जन्माला येते ती इथे. मोठ्या थिअरीतून नाही. ज्याचा व्यवहार दोन्हीकडे आहे, त्याला वाटतं की पैसा बदलून पुन्हा बदलण्यापेक्षा आहे तसाच कुठेतरी ठेवावा.

नांदेडचंही असंच. गोदावरी खोऱ्यातून जाणारी रेल्वे सिकंदराबादहून नांदेड, परभणी, औरंगाबाद करत मनमाडला जायची, आणि मनमाड म्हणजे इंग्रजी मुलूख. शिवाय नांदेडला हुजूर साहिब. पंजाबातून येणारे यात्रेकरू आपल्या मुलखातला रुपया घेऊन निघणार, म्हणजे कलदारच. आज त्याच गुरुद्वाऱ्यात कॅनडा आणि इंग्लंडहून भाविक येतात. चलन बदललं, प्रश्न तोच: इथे चालणार का, आणि कुठल्या भावाने?

जेव्हा शब्दाचं राजकारण झालं

इथपर्यंत व्यापाराची गोष्ट होती. १९४७ मध्ये ती सत्तेची झाली.

भारत स्वतंत्र झाला, निजाम सामील झाला नाही. २९ नोव्हेंबर १९४७ ला भारत आणि हैदराबाद यांच्यात जैसे थे करार झाला. एक वर्ष जे जसं आहे तसं चालू ठेवायचं. आणि थोड्याच दिवसांत निजाम सरकारने दोन वटहुकूम काढले. एक, संस्थानातून मौल्यवान धातू भारतात न्यायला निर्बंध. दुसरा, भारतीय चलन संस्थानात कायदेशीर चलन राहणार नाही.

दुसऱ्या वटहुकुमाचा अर्थ कळला का? ज्याला आपण कलदार म्हणत होतो, तो आता स्वतंत्र भारताचा रुपया होता. तो परका ठरवणं म्हणजे सांगणं की भारत हा परका देश आहे. शिवाय याच सुमारास हैदराबादने पाकिस्तानला वीस कोटी रुपयांचं कर्ज दिलं, तेही भारत सरकारच्या रोख्यांच्या रूपात. दिल्लीत संतापाची लाट उठली. चलन आणि रोखे हे रुक्ष विषय अचानक भांडणाच्या मध्यभागी आले.

आपल्याकडे जानेवारी १९४८ मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या उमरीत स्वातंत्र्यसैनिकांनी बँकेवर छापा घातला. ती बँक होती हैदराबाद स्टेट बँक, १९४१ मध्ये स्थापन झालेली, आणि संस्थानाच्या चलनाचा कारभार बघणारी. म्हणजे तो छापा राज्याच्या तिजोरीवर होता. हीच बँक पुढे 'स्टेट बँक ऑफ हैदराबाद' झाली आणि २०१७ मध्ये स्टेट बँक ऑफ इंडियात विलीन झाली. तुमच्या घरच्या जुन्या पासबुकावर एसबीएच लिहिलेलं असेल, तर ती हीच.

लंडनमधले दहा लाख पौंड

आता सप्टेंबर १९४८. १३ तारखेला भारतीय फौजा हैदराबादेत शिरल्या, १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. तोच आपला मुक्तिसंग्राम दिन.

आणि याच धामधुमीत लंडनमध्ये एक व्यवहार झाला. निजाम सरकारचे वेस्टमिन्स्टर बँकेत पैसे होते. मंत्री मोईन नवाज जंग यांच्या आदेशावरून त्यातले १०,०७,९४० पौंड आणि ९ शिलिंग एका दुसऱ्या खात्यात गेले. ते खातं होतं पाकिस्तानचे लंडनमधले उच्चायुक्त हबीब इब्राहिम रहिमतुला यांच्या नावावर. काही दिवसांतच निजामाने बँकेला सांगितलं, हे माझ्या परवानगीशिवाय झालंय, पैसे परत करा. बँक म्हणाली, ज्यांच्या नावावर खातं आहे त्यांची संमती आणा.

मग सुरू झाला खटला. १९५७ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने निर्णय दिला की पाकिस्तान सार्वभौम देश आहे, त्याच्यावर इथल्या कोर्टात खटला चालवता येत नाही. झालं! पैसे अडकले. १९६७ मध्ये सातवे निजाम मीर उस्मान अली खान वारले. बँकेचं नाव नॅटवेस्ट झालं. पैसा तिथेच, व्याज खात वाढत होता. २०१३ मध्ये पाकिस्तानने स्वतःच बँकेविरुद्ध दावा लावला, आणि त्यामुळे त्याचं ते संरक्षण गेलं. शेवटी २ ऑक्टोबर २०१९ ला न्यायमूर्ती मार्कस स्मिथ यांनी निकाल दिला: पैसा निजामाचा, आणि त्यावर हक्क भारत आणि निजामाच्या वारसांचा. रक्कम तोवर सुमारे साडेतीन कोटी पौंड झाली होती.

एकाहत्तर वर्षं! मराठवाडा भारतात आला, महाराष्ट्रात आला, लातूरचा जिल्हा झाला, हाली रुपया १९५९ मध्ये रद्द झाला. आणि हैदराबादचे ते पौंड लंडनच्या एका खात्यात तसेच पडून होते.

या प्रकरणाचा धडा एका वाक्यात: बँकेतला पैसा ज्या देशात असतो, तिथला कायदा त्याचा मालक ठरवतो. खातेदार कितीही मोठा राजा असो.

हाच धडा त्या काळात आणखी एकाला नीट कळला होता. सोव्हिएत युनियनला.

पॅरिसमधला तारेचा पत्ता

दुसऱ्या महायुद्धानंतर जगाचा व्यापार डॉलरमध्ये चालू लागला. रशियालाही धान्य, यंत्रं घ्यायला डॉलर लागायचे. ते ठेवायचे कुठे? न्यूयॉर्कच्या बँकेत ठेवले तर कायदा अमेरिकेचा, आणि शीतयुद्ध पेटलेलं. उद्या अमेरिकेने खातं गोठवलं तर?

म्हणून त्यांनी डॉलर युरोपातल्या स्वतःच्या बँकांमध्ये ठेवले. लंडनला मॉस्को नारोद्नी बँक, आणि पॅरिसला 'बांक कोमर्सियाल पूर ल्युरोप द्यू नॉर'. नाव फ्रेंच, मालकी सोव्हिएत. एवढं लांब नाव तारेत कोण लिहिणार? तेव्हा प्रत्येक बँकेचा तारेसाठी आणि टेलेक्ससाठी एक छोटा पत्ता असायचा. आजच्या युजरनेमसारखा. या बँकेचा पत्ता होता 'युरोबँक'.

सर्वात जास्त सांगितली जाणारी व्युत्पत्ती हीच. बँकवाले आपसात म्हणू लागले: युरोबँकेचे डॉलर, मग नुसते युरोडॉलर. दुसरं स्पष्टीकरण साधं आहे: युरोपातले डॉलर म्हणून युरोडॉलर. दोन्हींचं भांडण लावायची गरज नाही. पत्त्यामुळे शब्द सुरू झाला असेल, तरी टिकला तो ऐकणाऱ्याला 'युरोपातले' हा अर्थ लगेच कळला म्हणून. कलदारचं असंच झालं होतं ना?

आणखी एक गंमत. 'डॉलर' हा शब्दच मुळात युरोपातला. आजच्या चेक प्रजासत्ताकात योआखिमस्थाल नावाचं खोरं होतं, तिथल्या चांदीची नाणी 'थालर' म्हणून प्रसिद्ध झाली, आणि थालरचा झाला डॉलर. म्हणजे युरोडॉलर हा परदेशी गेलेला पोरगा आजोळी परत आला म्हणायचं.

पण रशियाची भीती एवढ्याने एवढा मोठा बाजार उभा राहत नाही. खरी ताकद व्याजाची. अमेरिकेत 'रेग्युलेशन क्यू' नावाचा नियम होता: बँकांनी ठेवींवर किती व्याज द्यायचं याला कमाल मर्यादा. लंडनच्या बँकेला हा नियम लागू नव्हता. १९५५ मध्ये मिडलँड बँक जास्त व्याज देऊन डॉलरच्या ठेवी घेऊ लागली. मग १९५७ मध्ये पौंड अडचणीत आला, आणि ब्रिटिश सरकारने परदेशांच्या आपसातल्या व्यापाराला पौंडात कर्ज द्यायला बंधनं घातली. लंडनच्या बँका म्हणाल्या, पौंड नाही तर डॉलर देतो! गिऱ्हाईक तेच, दुकान तेच, फक्त चलन बदललं.

म्हणजे बघा. एका बाजूला कम्युनिस्ट सरकार डॉलर लपवतंय, दुसऱ्या बाजूला भांडवलदार बँका जास्त नफा शोधतायत, आणि दोघं मिळून एकच बाजार उभा करतायत.

पुढे शब्द आणखी सुटला. टोकियोतल्या डॉलरलाही युरोडॉलर. जपानबाहेरच्या येनला युरोयेन. सिंगापूरने १९६८ मध्ये स्वतःचा बाजार उघडला आणि त्याला 'एशियन डॉलर' म्हटलं. आज गांधीनगरच्या गिफ्ट सिटीतल्या बँक शाखांमध्ये डॉलरच्या ठेवी ठेवता येतात. जुन्या व्याख्येने तेही युरोडॉलरच. गुजरातेत असलेले!

आपल्या घरातली ठेव

आता म्हणाल, आपला काय संबंध? तुमचा चुलतभाऊ दुबईत किंवा अमेरिकेत आहे ना? तो भारतात पैसे ठेवतो तेव्हा त्याच्यापुढे मुख्य पर्याय दोन. एनआरई खातं: पैसे रुपयांत होतात. रुपया घसरला तर नुकसान त्याचं. दुसरं एफसीएनआर: ठेव डॉलर किंवा पौंडातच राहते, एक ते पाच वर्षांसाठी, आणि परतही त्याच चलनात मिळते. भाव बदलला तर ते ओझं ठेवीदारावर नाही. लातूरच्या व्यापाऱ्याचा तोच प्रश्न: बदलू की तसेच ठेवू?

व्याजाचा दर दोन्हीकडे वेगळा का दिसतो, याचं मोठं कारण हेच. रुपयाच्या ठेवीवर व्याज सहसा जास्त, कारण रुपया घसरायची जोखीम तुमची. नुसता टक्का बघून ठेव ठेवू नका, जोखीम कोणाच्या डोक्यावर आहे ते विचारा.

आणि हा पैसा देशासाठीही छोटा नाही. १९९१ च्या संकटात अनिवासी भारतीय ठेवी काढून घेऊ लागले, परकीय चलन आटलं, आणि सुमारे ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंडकडे पाठवायची वेळ आली. उलट २०१३ मध्ये रुपया कोसळत असताना रिझर्व्ह बँकेने बँकांना खास सवलत दिली, आणि एफसीएनआर ठेवींतून सुमारे २६ अब्ज डॉलर आले.

या साठ्याला आपली वर्तमानपत्रं काय म्हणतात? परकीय चलनाची 'गंगाजळी'. देवघरातलं गंगेचं पाणी: रोज प्यायचं नाही, अखेरच्या क्षणी तोंडात घालायचं. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या राखीव खजिन्याचं नावही गंगाजळीच होतं. इंग्रजी 'रिझर्व्ह' हा कोरडा शब्द. आपल्या शब्दात हात लावायचा नाही ही ताकीदच भरलेली आहे.

कलदार मात्र अजून मेलेला नाही बरं का. अफगाणिस्तानात आजही पाकिस्तानी रुपयाला 'कलदार' म्हणतात. इंग्रज गेले, हाली गेला, तो यंत्रही गेला. पण सीमेपलीकडून आलेल्या रुपयाला अजून तेच नाव. पैशाला सरकार नाव देतं ते नोटेवर छापलेलं असतं. पण तो पैसा हद्द ओलांडून गेला की त्याला नाव ठेवतात ते मुनीम, सराफ, तार करणारे कारकून, आणि बाजारातली माणसं.

तर आता तुमचं काम. घरात कुणी सत्तरी-ऐंशीच्या पुढचं असेल, तर त्यांना विचारा: हाली आणि कलदार आठवतात का? बट्टा किती लागायचा? ऐकलेलं रेकॉर्ड करा आणि आम्हाला पाठवा. पुढच्या भागात आपण बोलू 'हुंडी' या शब्दावर. तोवर काळजी घ्या, राम राम!